नारूच्या नावात ड्रॅगन आणि मदिना

प्रश्न : मुलीच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकात नारूच्या जंताचं नाव ‘ड्रॅकंक्युलस मेडिनेन्सिस (लिनियस, १७५८)’ असं छापलंय. घरातल्या जुन्या वैद्यकीय पुस्तकात ‘फायलेरिया मेडिनेन्सिस’ आहे. जंत एकच का? अर्थ काय? आणि लिनियस कंसात कशाला?
— एक वाचक, गिरगाव, मुंबई

उत्तर : जंत एकच. लॅटिनमध्ये ‘ड्रॅको’ म्हणजे साप किंवा ड्रॅगन, आणि ‘ड्रॅकंक्युलस’ म्हणजे त्याचं पिल्लू म्हणावं इतका छोटा. ही कल्पना फार जुनी. तांबड्या समुद्राकाठच्या लोकांच्या हातापायांतून ‘छोटे साप’ बाहेर येतात, असं ग्रीक लेखक अगाथार्किडीसने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात लिहिलं होतं. नंतरच्या प्लुटार्क या ग्रीक लेखकामुळे ते आपल्यापर्यंत पोचलं.

‘मेडिनेन्सिस’ म्हणजे मदिनेचा. पण जंताचा उगम तिथला, असा याचा अर्थ मुळीच नाही. अरब हकीम या आजाराला ‘इर्क मदनी’, म्हणजे मदिनेची शीर म्हणत आणि लॅटिन भाषांतरांत त्याचं ‘वेना मेडिनेन्सिस’ झालं. शीरच का? मादी जवळपास मीटरभर लांब, जाडी जेमतेम १ ते २ मिलिमीटर. कातडीखाली ती दोरीसारखी दिसते. हा जीव आहे की शरीराचाच तंतू, यावर वैद्यांचा वाद शतकानुशतकं चालला. आयुर्वेदातलं ‘स्नायुक’ हे नावही त्याच दिसण्यावरून आलेलं.

आता कंस. सजीवांना दोन शब्दी नावं देणाऱ्या लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये हा जंत ‘गॉर्डियस’ या प्रजातीत (जीनस, म्हणजे नावातला पहिला शब्द) घातला होता. पुढे प्रजाती बदलली, ‘मेडिनेन्सिस’ तसंच राहिलं. असं झालं की मूळ नाव देणाऱ्याला कंसात टाकतात. प्रजाती बदलली नसेल तर कंस नाही. म्हणून मुलीने परीक्षेत कंस गाळू नये. हाताने लिहिताना दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ मारावी.

‘फायलेरिया’ हे मधल्या काळातलं नाव. त्यावरून हत्तीरोग समजू नका, त्याचा मुख्य जंत ‘वुचेरेरिया बॅनक्रॉफ्टी’.

मुंबईत एकोणिसाव्या शतकात हेन्री जॉन कार्टर या डॉक्टरांचा संशय तळ्यांतल्या सूक्ष्म जंतांवर होता; ते कातडीतून शिरतात, असं त्यांना वाटे. खरी वाट पिण्याच्या पाण्यातल्या सायक्लॉप्स या अगदी बारीक पाणजीवाची; जंताची पिल्लं त्याच्या पोटातून आपल्या पोटात जातात. ती फेडचेन्को या रशियन निसर्गशास्त्रज्ञांना १८७० च्या सुमारास मध्य आशियातल्या तुर्कस्तानात सापडली. म्हणूनच पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं आणि पाणी फडक्यातून गाळणं हे उपाय लागू पडले, आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.