रात्रीचं पोर्ट्रेट: दुसरा फ्लॅश कुठे लावायचा?

दोन फ्लॅश घेतलेस, छान केलंस. पण लगेच दोन्ही एकदम पेटवू नकोस. आधी फ्लॅश बंद ठेवून नुसत्या मागच्या दृश्याचा फोटो काढ. मरीन ड्राइव्हवर मी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८००, एफ (लेन्सचं छिद्र) २.८ आणि शटर १/६० सेकंद यापासून सुरुवात करतो. दिव्यांची माळ दिसायला हवी, आकाश मात्र काळंच राहू दे. मागचा उजेड कमी-जास्त करायचा तर शटर बदल. सिंक स्पीडच्या, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणाऱ्या सर्वात वेगवान शटरच्या आत असेपर्यंत फ्लॅशच्या उजेडाला त्याने फरक पडत नाही.

मग मुख्य फ्लॅश. उजेड मऊ करणारी फोटोग्राफीची छत्री लावून चेहऱ्यापासून चारेक फुटांवर, डोळ्यांच्या जरा वर, बाजूला. अंतर दुप्पट झालं की उजेड पावपट होतो, म्हणून स्टँड हलवलास की पॉवर पुन्हा बघ.

दुसरा फ्लॅश माणसाच्या मागे, तिरका. रात्री खरं काम हाच करतो. काळे केस काळ्या आकाशात पार विरून जातात. मागून उजेड आला की केसांच्या कडेला बारीक चंदेरी रेघ उमटते, खांदा सुटा दिसतो. पॉवर मुख्य फ्लॅशच्या निम्मी ठेवून बघ. नाकाच्या शेंड्यावर उजेड सांडला तर हा फ्लॅश आणखी मागे ने.

रस्त्यावरचे दिवे पिवळसर असतील तर मुख्य फ्लॅशवर हलकी नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लाव, नाहीतर चेहरा निळसर, परका वाटतो.

आणि समुद्रावरचा वारा! छत्रीचं क्षणात शीड होतं. वाळूची पिशवी नसेल तर मित्राला स्टँड धरून उभा कर.