चार मिनिटांनी भाव थांबतात

प्रश्न : ताई, मी लोअर परळच्या एका ब्रोकिंग फर्ममध्ये सिस्टिम्स बघतो. ऑफिसात बाजारभाव वाटणारा आमचा पब्लिशर आणि ते घेणारे प्रोग्रॅम आधी फिजिकल सर्व्हरांवर होते. आता सगळं व्हीएममध्ये (आभासी सर्व्हरांत), डॉकरच्या कंटेनरांत (प्रोग्रॅमच्या वेगळ्या डब्यांत) हलवलंय आणि त्यासाठी नवी व्हीएलॅन, म्हणजे स्विचवरचं वेगळं नेटवर्क, काढलीय. भाव मल्टिकास्टने जातात : कॅशचा (शेअरांचा) ग्रुप पत्ता २३९.१०.१.५, एफ अँड ओचा (फ्युचर्स-ऑप्शन्सचा) २३९.१३८.१.५. डॉकरच्या नेहमीच्या ब्रिजवर (त्याच्या आतल्या नेटवर्कवर) एकही पॅकेट आलं नाही. कंटेनरला थेट बाहेरच्या नेटवर्कवर बसवणारं मॅकव्हीलॅन लावल्यावर भाव सुरू झाले, पण चार-साडेचार मिनिटांत बंद पडतात. कंटेनर रीस्टार्ट केला की पुन्हा तेवढाच वेळ चालतात. साहेब म्हणतात, स्विचवरचं आयजीएमपी स्नूपिंग बंद करून टाक. करू का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नका करू. आधी घड्याळ लावून मोजा. कंटेनर सुरू झाल्यापासून भाव थांबेपर्यंत २६० सेकंद भरत असतील, तर दोष तुमच्या प्रोग्रॅमचा नाही आणि डॉकरचाही नाही.

मल्टिकास्टमध्ये पाठवणारा एकदाच पाठवतो, आपल्याला हवंय हे घेणाऱ्याने सांगायचं असतं. कंटेनर ग्रुपमध्ये शिरताना आयजीएमपी रिपोर्ट पाठवतो, म्हणजे ‘हजर’ म्हणतो. स्नूपिंग चालू असलेला स्विच ते ऐकून त्या पोर्टपुढे नोंद करतो. पण ही नोंद कायमची नसते. क्वेरिअरने, म्हणजे हजेरी घेणाऱ्या राउटरने किंवा स्विचने, दर १२५ सेकंदांनी हजेरी घ्यायची, कंटेनरने पुन्हा ‘हजर’ म्हणायचं, तरच ती टिकते. दोन हजेऱ्यांचा वेळ आणि वर उत्तरासाठीचे १० सेकंद उलटले की नाव कटतं. दोनदा १२५ अधिक १०, हेच ते २६०. रीस्टार्ट केल्यावर कंटेनर नव्याने ‘हजर’ म्हणतो, म्हणून पुन्हा तेवढाच वेळ मिळतो.

जुन्या व्हीएलॅनमध्ये बहुधा मल्टिकास्ट राउटर होता आणि हजेरी तोच घेत होता. नव्या व्हीएलॅनमध्ये पब्लिशर आणि घेणारे शेजारीशेजारी, म्हणून राउटरची गरज कोणाला वाटली नाही. वर्गात मुलं आहेत, मास्तर नाहीत.

खात्री करायला व्हीएमवर टीसीपीडंप (येणारीजाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्रॅम) लावून फक्त आयजीएमपी बघा. अंधेरीच्या एका सर्व्हर रूममध्ये मी अशीच रात्री शाल गुंडाळून बसले होते. ११ वाजून ४२ मिनिटांनी कंटेनरचा रिपोर्ट दिसला, तो वहीत टिपला आणि हजेरीची वाट बघितली. २२४.०.०.१ या पत्त्यावर एक तरी क्वेरी, म्हणजे हजेरीची हाक, यायला हवी होती. ११.४६ उलटून गेलं, भाव थांबले, स्क्रीन कोरीच. तुमच्याकडेही हेच दिसेल असं मला वाटतं.

उपाय म्हणजे स्विचवर त्या व्हीएलॅनसाठी आयजीएमपी स्नूपिंग क्वेरिअर चालू करणं. त्याला त्या व्हीएलॅनमधला आयपी पत्ता द्या. दोन स्विच असतील तर दोन्हींवर चालू ठेवा. ज्याचा पत्ता लहान तोच क्वेरिअर होतो, दुसरा गप्प राहतो आणि पहिला पडला तर काम उचलतो.

साहेबांच्या सूचनेनेही भाव चालू होतील, म्हणूनच मला तिची भीती वाटते. एका ऑफिसात सोय म्हणून मी स्नूपिंग बंद केलं होतं. सगळी फीड व्हीएलॅनच्या प्रत्येक पोर्टवर सांडायला लागली आणि १०० एमबीपीएसच्या पोर्टवरचे आयपी फोन गुदमरले. फोनवर ऑर्डर घेणाऱ्या मुली ‘आवाज तुटतोय, परत सांगा’ म्हणत होत्या, आणि पलीकडे कोणाचे तरी पैसे अडकलेले होते. ती सकाळ मी विसरलेले नाही.

ब्रिजचं थोडक्यात सांगते. डॉकरचा ब्रिज बाहेरच्या नेटवर्कपासून राउटिंग आणि नॅटने (पत्ते बदलण्याने) वेगळा असतो आणि मल्टिकास्ट राउटिंगचा प्रोग्रॅम बसवल्याशिवाय कर्नल (लिनक्सचा गाभा) मल्टिकास्ट पुढे ढकलत नाही. पोर्ट पब्लिश करून इथे काही होत नाही. मॅकव्हीलॅन चालतं, पण प्रत्येक कंटेनरला वेगळा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा पत्ता) मिळतो. व्हीएमवेअर असेल तर त्यासाठी पोर्ट ग्रुपवर फोर्ज्ड ट्रान्समिट्सला, म्हणजे व्हीएमने दुसऱ्या मॅकच्या नावाने पाठवायला, परवानगी लागते आणि सिक्युरिटीवाले कुरकुरतात. मी तुमच्या जागी असते तर आयपीव्हीलॅन घेतलं असतं. त्यात व्हीएमचाच मॅक वापरला जातो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण दोन्ही ग्रुपांचे पत्तेही बघा. मल्टिकास्ट आयपीचे शेवटचे २३ बिटच मॅकमध्ये उतरतात, त्यामुळे एका मॅकवर ३२ पत्ते येऊन पडतात. १३८ म्हणजे १० अधिक १२८, आणि नेमका तो १२८चा बिटच गळतो. तुमच्या कॅश आणि एफ अँड ओचा मॅक एकच आहे! काही स्विच नोंद मॅकवरच ठेवतात. तसा असेल तर फक्त कॅश मागणाऱ्या व्हीएमकडेही एफ अँड ओचा लोंढा येईल. दुसरा ग्रुप २३९.११.१.५ करा.

हे सगळं साडेतीनला बाजार बंद झाल्यावर करा. पब्लिशरवरून जुने भाव सोडा, रीस्टार्टला हात न लावता कंटेनर अर्धा तास चालू ठेवा आणि दर १२५ सेकंदांनी क्वेरी येतेय का ते वहीत टिपा.