मूठ आवळते पण सुटत नाही

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आम्ही तासगावजवळ राहतो, द्राक्षबाग आहे. मिस्टरांचं वय ३६. दोन-तीन वर्षं झाली, छाटणीला कात्री दाबली की मूठ लगेच सुटतच नाही, बोटं हळूहळू उघडतात, मग दहा-बारा वेळा उघडमीट केली की हात मोकळा होतो. आता ताकदपण कमी झालीय, बाटलीचं झाकण मीच काढून देते. सगळे म्हणतात मानेची नस दबलीय. सासऱ्यांनाही असंच व्हायचं, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ४२ व्या वर्षीच झालं आणि पन्नाशीत ते झोपेतच गेले. नणंद पाचव्या महिन्यात आहे. हे घराण्यातलं असेल का?

उत्तर : ताई, सासऱ्यांचं लिहिलंत ते फार बरं केलंत. मानेची नस दबली तर हातात ताकद कमी होते, मुंग्या येतात, पण आवळलेली मूठ अशी अडकून राहत नाही. मूठ अडकणं, तरुणपणी मोतीबिंदू आणि वडिलांनाही तेच, हे एकत्र दिसलं की मला पहिली शंका येते मायोटोनिक डिस्ट्रॉफीची, म्हणजे आवळलेले स्नायू लवकर सैल होत नाहीत आणि हळूहळू अशक्त होत जातात अशा घराण्यातून येणाऱ्या आजाराची. न्यूरॉलॉजिस्ट अंगठ्याच्या बुडाशी छोट्या हातोडीनं टकटक करतात, अंगठा आत ओढला जातो आणि सावकाश परत येतो, तेवढ्यावरच बरंच कळतं.

पण हाताच्या आधी ईसीजी काढा, ह्याच आठवड्यात. ह्या आजारात हृदयातला करंट मंदावतो, हाताचा त्रास किरकोळ असला तरी, आणि वेळेत कळलं तर पेसमेकरनं जीव वाचतो. सासरे कशानं गेले ते आता सांगता येणार नाही, पण मला ती गोष्ट सोडवत नाही. नंतर दरवर्षी ईसीजी. कुठलंही ऑपरेशन असो, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगायचंच.

खात्री रक्ताच्या जीन टेस्टनं होते. १९ व्या क्रोमोसोमवरच्या डीएमपीके जीनमध्ये सीटीजी ही डीएनएची तीन अक्षरं निरोगी माणसात लागोपाठ ५ ते ३७ वेळा येतात, आजारात ५० च्या वर, कधी हजारांत. हा दोष १९९२ साली सापडला. टेस्ट 'डीएमपीके रिपीट'चीच मागा, नुसत्या एक्झोम टेस्टमध्ये (सगळ्या जीन्सचे मुख्य भाग एकदम वाचणारी तपासणी) हा दोष सहसा सापडत नाही आणि पैसे वाया जातात. मुळापासून बरं करणारं औषध अजून नाही, त्यामुळं स्टेम सेलच्या जाहिरातींना भुलून बाग गहाण टाकू नका, कळकळीनं सांगतोय.

आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. पुढच्या पिढीत सीटीजीचा आकडा बहुतेक वाढतो, म्हणून त्रास लवकर सुरू होतो. आईकडून आला तर बाळ जन्मतःच अशक्त असू शकतं, श्वास घ्यायलाही त्रास होतो. नणंदेला आज काहीच त्रास नसेल तरी तिच्या प्रसूतीच्या डॉक्टरांना हे सगळं सांगा, पुढच्या चेकअपची वाट बघू नका, आजच फोन करा.