‘नाशिक’चं कोडं आणि कोटीची दोन टोकं

पंचवटीतून प्रश्न आलाय. मंडळाच्या शब्दकोडी स्पर्धेत विचारलं, ‘कुठलं शहर शिकायला मनाई करतं?’ उत्तर नाशिक, म्हणजे ‘ना शीक’. एक परीक्षक म्हणाले श्लेष, दुसरे म्हणाले यमक. बरोबर कोण?

यमक तर नाहीच. दोन अक्षरं सारखी ऐकू आली की ‘यमक जुळलं’ म्हणायची ही खोड माइकवर रोज ऐकावी लागते. यमकात तीच अक्षरं पुन्हा यावी लागतात, मोरोपंतांच्या आर्यांत येतात तशी. इथे शब्द एकदाच आलाय. तो फोडून दुसरा अर्थ काढलाय म्हणून सभंग श्लेष म्हणता येईल. पण ‘शीक’मधली शी दीर्घ आणि ‘नाशिक’मधली शि ऱ्हस्व, म्हणजे कागदावर गाडी अडते. कानाला मात्र चोख जुळतं, कारण बोलताना सगळे ‘नाशीक’च म्हणतात. याच्या उलट दुनिया ती जग आणि पाण्याचा तोही जग. लिहायला एकच, उच्चारात ‘ज’ निराळा. ‘गुरांना चार’ आणि ‘चार माणसं’ यांतल्या ‘च’चं तेच.

या खेळाला मराठीत कोटी म्हणतात आणि हा शब्द मला श्लेषाहून कितीतरी प्रिय आहे. ‘शब्दाचे कोटी अर्थ होतात म्हणून कोटी’ असं छातीठोक सांगणारे भेटतात. साफ चूक. शंभर लाखांशी इथे काही संबंध नाही. संस्कृतात कोटि म्हणजे टोक, विशेषतः धनुष्याचं; रामेश्वरजवळचं धनुष्कोडी त्यातलंच. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, हे टोक वादात आणलं. अंधारात काहीतरी उभं दिसतं: ‘स्थाणुर्वा पुरुषो वा’, खुंट की माणूस? या संशयाच्या दोन बाजू म्हणजे दोन कोटी. मुद्द्यामागून मुद्दा मांडत जाणं म्हणजे कोटिक्रम, हा शब्द मराठीत आजही चालतो. माझं ठाम मत असं, की विनोदातली कोटी याच घरची. ‘नाशिक’ ऐकल्यावर मन गाव आणि मनाई या दोन टोकांमध्ये क्षणभर लोंबकळतं, तोच तो संशय. खुंट की माणूस हे जवळ गेल्यावर ठरतं. कोटीत दोन्ही खरं ठरतं, म्हणून हसू येतं. अलंकारशास्त्राचे अभ्यासक कोटीला श्लेषाची गरीब नातेवाईक समजतात. मला ते मुळीच मान्य नाही. श्लेष कवी रचतो, कोटी ऐकणाऱ्याच्या डोक्यात घडते.

आणखी एक गोष्ट. ही कोटी ‘श’वर उभी आहे आणि जुना उच्चार ‘स’चा. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत सातवाहन राजा कृष्णाच्या काळातलं लेणं आहे. ते खोदवणाऱ्या अधिकाऱ्याला तिथल्या लेखात ‘नासिककेन’ म्हटलंय, म्हणजे नासिकच्या माणसाने. त्या माणसाला हे कोडं घातलं असतं तर सुटलंच नसतं.

हो, परीक्षकांचं राहिलं. श्लेषवाल्यांना अर्धे गुण द्या. आणि मनाईच करायची तर क्रम सांभाळा: ‘शीक ना’ म्हटलं की तोच ‘ना’ आर्जव करायला लागतो.