गो-अराउंड उशिरा केलात, मीही केला होता

तुम्ही लिहिलंय की सोलोमध्ये, म्हणजे एकट्यानं उडवताना, टेकल्यावर विमान उसळलं, तरी तुम्ही उतरवायला गेलात आणि दुसऱ्या उसळीनंतर गो-अराउंड केलात, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढलात. वाचताना हाताला घाम फुटला. सेसना १७२ या छोट्या विमानावर माझंही हेच झालं होतं.

थ्रॉटल (इंजिनाची शक्ती) पूर्ण, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला जाणारी गरम हवा) बंद, हे तुम्हाला येतंच. त्यानंतरचं मला कुणी नीट दाखवलं नव्हतं. अप्रोचला, म्हणजे उतरायला धावपट्टीकडे येताना, ट्रिम (नाक ठरल्या कोनात धरून ठेवणारी सोय) नाक वर धरणारं असतं. पूर्ण पॉवर आली की नाक झपकन वर जातं आणि डावीकडे ओढतं. योक (हातातलं सुकाणू) जोर लावून पुढे दाबावं लागतं, उजवा रडर (पायानं चालणारं शेपटीचं सुकाणू) द्यावा लागतो. मी घाबरून फ्लॅप्स (कमी वेगातही उचल देणाऱ्या पंखांमागच्या झडपा) एकदम शून्यावर आणले. विमान खाली बसायला लागलं, स्टॉल वॉर्निंग (पंखांची उचल सुटत असल्याचा इशारा) वाजत राहिली, आणि जेमतेम वाचलो. फ्लॅप्स आधी २० अंशांवर, मग वेग आणि चढ मिळेल तसे टप्प्याटप्प्याने वर. आकडे मात्र तुमच्या विमानाच्या हँडबुकातलेच धरा, मी इन्स्ट्रक्टर नाही.

पण माझी खरी चूक त्याआधीची. ५०० फुटांवरच वेग जास्त होता, उंचीही जास्त होती, आणि ते मला दिसत होतं. आमच्या प्रशिक्षण संस्थेत मात्र प्रत्येक गो-अराउंडचा लेखी खुलासा द्यावा लागे. तो टाळायला मी विमान खाली रेटलं. याचा राग अजून जात नाही. गो-अराउंडचा जाब विचारला की विद्यार्थी बिघडलेला अप्रोच तसाच पुढे नेतो. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासात तर एअरलाइन वैमानिकही सुमारे ९७ टक्के अस्थिर अप्रोच सोडत नाहीत असं आढळलं.

उशिराचा गो-अराउंड मोठ्या विमानातही अवघडच. ३ ऑगस्ट २०१६ ला दुबईत बोइंग ७७७ ची चाकं टेकल्यावर तो सुरू झाला. चाकं टेकलेली असताना त्याचं बटण काम करत नाही. थ्रस्ट वाढलाच नाही, आणि ते वेळेत लक्षात आलं नाही.

माझं मत, पटलं तर घ्या: ५०० फुटांवर वेग, उतार किंवा धावपट्टीशी रेषा यातलं एकही बिघडलेलं असेल तर तिथूनच वर. मोठी उसळी बसली तर दुसरा प्रयत्न नको. रेडिओवर सांगायची घाई करू नका, आधी चढ स्थिर होऊ द्या.

पुढच्या सोलोआधी इन्स्ट्रक्टरला घेऊन ३००० फुटांवर जा. पूर्ण फ्लॅप्स, अप्रोचचं ट्रिम, आणि मग पॉवर. योक किती जोरानं दाबावं लागतं ते हाताला कळेपर्यंत करा.