86 विजय, मग स्टेनमार्कची विजेतेपदं तीनच का?

बर्फाळ उतारावरच्या स्कीइंगच्या वर्ल्ड कपमध्ये, म्हणजे मोसमभर चालणाऱ्या शर्यतींच्या मालिकेत, 86 शर्यती जिंकूनही स्वीडनचा इंगेमार स्टेनमार्क एकूण विजेता फक्त तीनदाच (1976, 77, 78) कसा झाला, निर्णायक वेळी तो ढेपाळायचा का, असं तुम्ही विचारलंत. अजिबात नाही. कारण गुणांच्या हिशेबात आहे, आणि डाउनहिलमध्ये, म्हणजे सगळ्यांत वेगवान अशा उताराच्या शर्यतीत, उतरायचं नाही या त्याच्या निर्णयात आहे.

त्याच्या 86 विजयांपैकी 40 स्लॅलममधले (रोवलेल्या काठ्यांच्या जोड्यांमधून, म्हणजे गेटमधून, वळणं घेत उतरायची शर्यत) आणि 46 जायंट स्लॅलममधले (तीच, पण गेट जास्त अंतरावर). डाउनहिलमध्ये एकही नाही. एकूण विजेतेपदासाठी मात्र सगळ्या प्रकारांचे गुण धरत. तेव्हा पहिल्या क्रमांकाला 25 गुण असायचे आणि 1978-79 च्या मोसमात प्रत्येक प्रकारातले तीनच सर्वोत्तम निकाल मोजले जात होते. दहावीचं ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आठवा, तसाच प्रकार. म्हणजे दोनच प्रकार खेळणाऱ्याला जास्तीत जास्त 150 गुण. त्या मोसमात स्टेनमार्कने 13 शर्यती जिंकल्या, जायंट स्लॅलमच्या तर दहाच्या दहा! गुण मिळाले 150, आणि नंबर आला पाचवा. स्वित्झर्लंडचा पीटर लूशर 186 गुणांवर विजेता ठरला. त्याला कम्बाइंडच्या, म्हणजे डाउनहिल आणि स्लॅलमचे निकाल एकत्र धरणाऱ्या प्रकाराच्या, गुणांचा मोठा आधार होता आणि त्यासाठी तेव्हा डाउनहिल खेळावंच लागायचं. आदल्या वर्षी याच 150 गुणांवर स्टेनमार्क आरामात पहिला आला होता. त्याच 1979 च्या फेब्रुवारीत चेकोस्लोव्हाकियातल्या यास्ना इथे त्याने जायंट स्लॅलम 4.06 सेकंदांनी जिंकली. जिथे निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागावर लागतात तिथे चार सेकंद! अशा वर्षी त्याला पाचवा म्हणणारा तक्ता मला आजही खटकतो.

डाउनहिल त्याने करूनच पाहिली नाही असंही नाही. सप्टेंबर 1979 मध्ये इटलीत डाउनहिलच्या सरावात तो भयानक आपटला, डोक्याला जबर मार बसला. आणि पाच महिन्यांनी, फेब्रुवारी 1980 मध्ये, लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये त्याने स्लॅलम आणि जायंट स्लॅलम दोन्हींत सुवर्ण घेतलं. या शर्यतींत दोन फेऱ्यांच्या वेळांची बेरीज धरतात. पहिल्या फेरीनंतर तो जायंटमध्ये तिसरा होता, स्लॅलममध्ये चौथा. दोन्ही वेळा दुसऱ्या फेरीत त्याने सगळ्यांना मागे टाकलं आणि स्लॅलममध्ये अमेरिकेच्या फिल मार याला अर्ध्या सेकंदाने हरवलं. दडपणाच्या प्रश्नाचं उत्तर मी तरी या दोन फेऱ्यांत शोधेन.

पुढे 1981 मध्ये कम्बाइंडच्या गुणांसाठी तो ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूएलची डाउनहिल खरंच उतरला. ती जगातली सगळ्यांत धोकादायक मानली जाते. विजेत्याच्या दहापेक्षा जास्त सेकंद मागे, 34 वा. त्या वर्षीचं विजेतेपद फिल मारकडे गेलं, तेही अवघ्या 6 गुणांनी (266 विरुद्ध 260).

एक अपयश मात्र खरं आहे. 1975 मध्ये इटलीतल्या वाल गार्देनात मोसमाची शेवटची शर्यत म्हणजे समांतर स्लॅलम (दोघे शेजारी-शेजारी उतरतात) होती आणि तिच्याआधी इटलीचा गुस्ताव टोनी, ऑस्ट्रियाचा फ्रान्झ क्लामर आणि स्टेनमार्क तिघांचे गुण सारखे होते. अंतिम लढतीत 19 वर्षांचा स्टेनमार्क टोनीविरुद्ध चुकला आणि विजेतेपद गेलं. पण तेवढ्यावरून कारकीर्द तोलणं बरोबर नाही, कारण पुढच्याच वर्षापासून सलग तीन विजेतेपदं आली.

1984 च्या सारायेव्हो ऑलिंपिकमध्ये तो दिसत नाही, त्याचं कारण दुखापत किंवा फॉर्म नव्हे. जाहिरातीच्या पैशांसाठी घेतलेल्या परवान्यामुळे तो हौशी खेळाडू उरला नव्हता, म्हणून त्याला मनाई झाली. हौशीपणाचा तो नियम पुढे मोडीत निघालाच, पण तोवर एका ऑलिंपिकचं नुकसान झालेलं.

तो ज्या तार्नाबीचा, ते नॉर्वेच्या सीमेजवळचं, जेमतेम पाचेकशे वस्तीचं गाव. स्टिग स्ट्रँड, आन्या पार्सन आणि येन्स ब्यूगमार्क हे स्कीपटूही तिथलेच! लहान मुलांना घराजवळ उतार, लांबलचक हिवाळा आणि समोर धडा घालून देणारा मोठा खेळाडू मिळाला की काय होतं ते या गावात दिसतं. स्टेनमार्कच्या शर्यतीच्या वेळी स्वीडनमध्ये शाळांत आणि कारखान्यांत कामं थांबवून टीव्ही लावले जात. स्की मात्र त्याने कायम युगोस्लाव्हियाच्या एलान कंपनीचेच वापरले.

86 वा विजय फेब्रुवारी 1989 मध्ये अमेरिकेतल्या ॲस्पेनला आला आणि त्याच मोसमाअखेर त्याने निवृत्ती घेतली. अमेरिकेच्या मिकाएला शिफ्रिनने मार्च 2023 मध्ये स्वीडनच्याच ओरे इथे 87 वा विजय मिळवून तो आकडा ओलांडला. तिने डाउनहिल आणि सुपर-जी (डाउनहिल आणि जायंट स्लॅलम यांच्या मधला वेगवान प्रकार) इथेही विजय मिळवले आहेत, त्यामुळे नुसते आकडे समोरासमोर ठेवून तुलना करू नका.

जुन्या चित्रफिती बघणार असाल तर लेक प्लॅसिडच्या दुसऱ्या फेऱ्यांपासून सुरुवात करा. धक्का बसताच आडव्या होऊन पुन्हा उभ्या राहणाऱ्या काठ्या तेव्हा आलेल्या नव्हत्या. आजचे खेळाडू गेटच्या काठ्या नडगी आणि हातांनी पाडत सरळ जातात. त्याला मात्र अख्खं शरीर काठीला वळसा घालून न्यावं लागे. ते लक्षात ठेवून त्याचे गुडघे बघा, खांदे किती स्थिर आहेत ते बघा.