होणाऱ्या बायकोचे आधीचे संबंध कळल्यावर नकार देणं चूक आहे का?

तुम्ही लिहिलंय की स्थळ मनापासून आवडलं होतं, पण तिसऱ्या भेटीत तिने स्वतःहून सांगितलं, आधी चार वर्षं एकाशी संबंध होते, शारीरिकही. तेव्हापासून तुमचं मन उडालंय. आवडनिवड ज्याची त्याची, मग नकार दिला तर मी बुरसटलेला का ठरतो, असं तुम्ही विचारताय.

नकार द्यायचा हक्क तुम्हाला आहेच. मन मारून लग्न केलंत तर हाल तिचेच होतील. पण प्रश्नात एक ओळ तुम्ही घाईने लिहून पुढे गेलात: 'माझंही कॉलेजात एक प्रकरण होतं, पण ते वेगळं.' मी तिथेच अडकलो. ते वेगळं कसं? आणि ते तिला सांगितलंत का?

बारा वर्षांपूर्वी मी तुमच्याच जागी होतो. दादरच्या एका विवाह मंडळातून ओळख झाली होती. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून तिने मला असंच सगळं सांगितलं आणि मी मोठ्या मनाचा आव आणून म्हणालो, 'मला काही फरक पडत नाही.' पडत होता. पुढचे दोन महिने मी तेच तेच विचारत राहिलो, कधी चहा पिताना, कधी रात्री फोनवर. कुठे भेटायचात? किती वेळा? अजून आठवण येते का? प्रत्येक उत्तरानंतर वाटायचं, आता डोकं शांत होईल, आणि दुसऱ्या दिवशी नवा प्रश्न तयार असायचा. तिने एकदाही खोटं सांगितलं नाही. शेवटी दादर स्टेशनच्या पुलावर ती म्हणाली, 'रोज उलटतपासणीला यायचं मला जमणार नाही,' आणि गर्दीत निघून गेली. खरं बोलल्याची शिक्षा मी तिला दिली होती. याचं मला आजही वाईट वाटतं.

कौमार्याची भाषा तर डोक्यातून काढूनच टाका. योनिपटल, म्हणजे योनीच्या तोंडाशी असलेला पातळ पडदा, खेळताना, सायकल चालवतानाही ताणलं जातं, काहींना ते जन्मतःच नसल्यासारखं असतं. त्यावरून कुणाचा पूर्वेतिहास कळत नाही. बलात्काराच्या प्रकरणांतली 'टू फिंगर टेस्ट', म्हणजे दोन बोटं घालून केलेली योनीची तपासणी, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली पुन्हा एकदा ठामपणे नाकारली, ती याच अशास्त्रीय समजुतीवर उभी होती. आणि स्त्रीला एक न्याय, पुरुषाला दुसरा, हा दुटप्पीपणा आपल्याच मुंबईत र. धों. कर्वे आयुष्यभर खोडत राहिले. १९२१ साली त्यांनी इथे संततिनियमनाचं केंद्र काढलं. शंभर वर्षं उलटून गेली तरी आपण मुलीलाच हिशेब मागतो.

विचारण्यासारखं एक नक्की आहे, ते म्हणजे आरोग्य. तिथे जोडीदार किती होते यापेक्षा काळजी घेतली होती का आणि तपासणी केली आहे का, हे जास्त महत्त्वाचं. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सिफिलिसची रक्ततपासणी दोघांनी मिळून करा. मुंबईतल्या केईएम, सायन, नायर रुग्णालयांमधल्या आयसीटीसी, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते, आधी-नंतर समुपदेशन मिळतं आणि २०१७ च्या कायद्याने गोपनीयतेचं संरक्षण आहे. अगदी अलीकडचा संसर्ग रिपोर्टमध्ये दिसेलच असं नाही, म्हणून गरज पडली तर तीन महिन्यांनी पुन्हा करतात. पुढे माझं लग्न झालं, त्याआधी आम्ही दोघं एकत्रच गेलो होतो. बाकावर नंबरची वाट बघताना जेवढं मोकळं बोललो, तेवढं कुठल्याच हॉटेलात बोललो नव्हतो: मूल कधी हवं, काय आवडतं, कशाची भीती वाटते.

म्हणून आधी तिला भेटा आणि कॉलेजातलं तुमचं सांगा. ते सांगताना तिने तुम्हाला कसं वागवावं असं वाटतं, ते बघा. त्यानंतरही मन तयार होत नसेल तर नकार तिला स्वतः कळवा, चांगल्या शब्दांत. मध्यस्थांना 'जुळत नाही' एवढंच सांगा. घरी आई खोदून खोदून विचारेल, मावशीचा फोन येईल, तरी त्यापुढे एक शब्दही बोलू नका. तिने ते फक्त तुम्हाला सांगितलंय.